मेंढरांची बाजू

"बाई, यातली मेंढरं कोणती आणि शेरडं कोणती, तेवढं सांगा म्हणजे मी मोकळा झालो," लतीफचाचा म्हणाले.

शनिवारची दुपार होती. चर्चमध्ये आम्ही दोघंच होतो. चाचा शिडीला पाठ लावून, न पेटवलेली बिडी तोंडात धरून उभे होते आणि मी त्यांच्यासाठी आणलेल्या चहाची किटली हातात घेऊन. वेदीमागच्या भिंतीत तीन उंच खिडक्या होत्या. त्यातली मधली रंगीत काच बसवून झाली होती. तिच्यात लाल झगा घातलेला मेंढपाळ प्रभू उभा होता. उरलेल्या दोन काचा गोणपाटावर भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. एकीत पांढरीशुभ्र, गुबगुबीत, बिनशिंगांची जनावरं. दुसरीत काळी, झिपरी, वळलेल्या शिंगांची. दोन्ही काचा मापाला सारख्या. कुठलीही कुठंही बसली असती.

"पंचसाहेब सकाळी बजावून गेलेत," चाचा पुढं म्हणाले. "मेंढरं पुरुषांच्या बाजूला, शेरडं बायकांच्या बाजूला. उलटं झालं तर माझ्याशी गाठ आहे म्हणाले. खडूनं नंबर टाकलेले होते, पण काचा धुतल्या तेव्हा तेही धुतले गेले. उतरवायला माझा भाऊ आला होता, मी नव्हतो. आता तुम्हीच बघा."

 चाचांनी काळ्या जनावरांच्या काचेवर टिचकी मारली.

"मला विचाराल तर ही मेंढरं. आमच्या दारावरून दरसाल धनगरांचे कळप जातात. जन्मात पांढरं मेंढरू बघितलं नाही. आणि या पांढऱ्या म्हणजे संगमनेरी शेळ्या. बरोबर ना?"

एका शब्दाचं काम होतं. 'नाही' म्हटलं असतं तर चाचांनी पांढरी काच उचलून पुरुषांच्या बाजूला लावली असती, मी किटली विसळून घरी गेले असते आणि आज सांगायला माझ्याकडे काही उरलं नसतं. तो शब्द माझ्या जिभेवर का आला नाही, हे सांगायचं तर आधी आमच्या चर्चची बसायची पद्धत सांगायला हवी.

आमचं पिंपळसर नगर जिल्ह्यातलं, ख्रिस्ती वस्तीचं गाव. चर्च मिशनच्या साहेबांनी बांधलं आणि काचा त्यांच्या देशातून गवतात गुंडाळून, पेट्यांत घालून बोटीनं आणल्या. काच रंगवणाऱ्यानं आमचा मुलूख कधी पाहिलेला नव्हता आणि आमच्या लोकांनी त्याचा. त्यामुळं काचेत काय आहे यावरून गावात सुरुवातीपासून गोंधळ. वरच्या कोपऱ्यात जहाजाचा नांगर होता. समुद्र कुणी पाहिलेला नसल्यानं लोक त्याला शेतीचं काहीतरी मोडकं अवजार समजत. स्वतःची छाती फोडून पिलांना रक्त पाजणारा पाणपक्षी होता, त्याला सगळे बगळी म्हणत आणि ती उवा काढतेय असं समजत. नांगर म्हणजे आशा, तो पक्षी म्हणजे आपल्यासाठी जीव देणारा प्रभू, हे आम्हा पोरांना शिकवलं ते माझ्या आत्यानं. राहेलबाई हिवाळे. मिशनच्या शाळेत तिची सारी हयात गेली, आणि रविवारच्या शाळेत त्याहूनही जास्त. अख्खं मत्तयाचं शुभवर्तमान तिला तोंडपाठ होतं. तिनं लग्न केलं नव्हतं. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं.

तर बसायची पद्धत. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. पुरुषांना सागवानी बाकं, बायकांना सतरंज्या. पुरुषांच्या डोक्यावर काचेतली मेंढरं आणि बायकांच्या डोक्यावर शेरडं. न्यायाच्या दिवशी प्रभू मेंढरांना जवळ घेणार आणि शेरडांना घालवून देणार, हे शास्त्रात आहेच. आता काच बसवणाऱ्याच्या मनात बायकांबद्दल काही नव्हतं. बायका तिथं बसल्या आणि वर शेरडं आली, एवढंच. पण शद्रकरावांनी त्याचा नियम केला.

शद्रकराव भिंगारदिवे हे आमच्या मंडळीचे मुख्य पंच. उंचपुरे, आवाज खणखणीत, आणि चर्चवर जीव टाकणारे, हे मान्य केलंच पाहिजे. गारपिटीनं खिडक्या फुटल्या तेव्हा नगरला चार खेपा घालून तसबिरी मढवणारे लतीफचाचा त्यांनीच शोधून काढले. पण काचेचा अर्थ फक्त आपल्यालाच कळतो अशी त्यांची पक्की समजूत. शास्त्रपाठ वाचायचं मेज पुरुषांच्या बाजूला होतं. पंख पसरलेला लाकडी गरुड, त्याच्या पाठीवर पवित्र शास्त्र. गावात त्याला 'घार' म्हणत. शद्रकरावांचं म्हणणं असं की पुस्तक मेंढरांच्या बाजूला आहे, तेव्हा ते वाचायचं पुरुषांनीच. बाईनं मधली वाट ओलांडून मेंढरांच्या बाजूला जायचं नाही.

पाळक रणभिसे साहेबांना हे पटत नसे. पण पाळक बदलून येतात आणि बदलून जातात, पंच गावातच राहतात. साहेब खाकरत आणि गप्प बसत.

त्या वर्षी चर्चला पंच्याहत्तर वर्षं होत होती. वर्धापनदिनाच्या रविवारी नव्या बसवलेल्या काचांवरचा पडदा उघडायचा आणि त्याच काचांचा शास्त्रपाठ वाचायचा, असं ठरलं. मेंढरांचा आणि शेरडांचा. आत्यानं जन्मभर कधी काही मागितलं नव्हतं. त्या वेळी ती स्वतः उठून शद्रकरावांच्या घरी गेली. मी बरोबर होते. हा एक पाठ मला वाचू दे म्हणाली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. भिंगातूनसुद्धा अक्षरं हलायला लागली होती. पुढच्या वर्षी म्हणाल तर मला पुस्तक कुठं ठेवलंय तेही दिसायचं नाही, असं तिनं हसत सांगितलं.

शद्रकराव तिच्याच हाताखाली शिकलेले. बाराखडीपासून. उभे राहिले, खुर्ची दिली, बायकोला चहा टाकायला सांगितलं. मग म्हणाले, "बाई, माझं काही नाही. पण काच बघा. जिथं मेंढरं तिथं पुस्तक. काचेत आहे ते मी कसं बदलू?"

आत्या 'बरं' म्हणाली. चहा घेतला. घरी येऊन तिनं मेथी निवडायला घेतली आणि निवडलेली पानं टाकून देठं टोपलीत ठेवत बसली. डोळ्यांमुळं होतंय असं ती म्हणाली असती, म्हणून मी विचारलं नाही. मला मात्र त्या माणसाचा इतका राग आला की तीन दिवस मी त्यांना सलामसुद्धा केला नाही.

ही झाली आधीची हकिगत. आता पुन्हा त्या शनिवारी दुपारी, किटली हातात घेतलेली मी आणि काचेवर बोट ठेवून उभे असलेले लतीफचाचा.

"मेंढरं आपल्याकडं काळीच असतात, चाचा," मी म्हटलं.

यात एक अक्षर खोटं नाही. नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही धनगराला विचारा.

चाचा खूश झाले. विचारून घेतलेलं बरं असतं म्हणाले. एकदा कुणीतरी भरतकाम केलेला गणपती मढवायला आणून दिला, तो चाचांनी चुकून उलट्या बाजूनं काचेत बसवला. सोंड उजवीकडं गेली. उजव्या सोंडेचं सोवळं आम्हाला झेपायचं नाही म्हणून ते गिऱ्हाईक आठ दिवस दुकानाच्या पायरीवर येऊन बसत होतं. तेव्हापासून कुठल्याही देवाचं काम असो, चाचा डावं-उजवं माणसाला विचारूनच करत. चहा पिऊन त्यांनी काळी काच उचलली आणि पुरुषांच्या बाजूच्या खिडकीत बसवली. मग पांढरी आमच्या बाजूला. शेवटी मागं सरून तिन्ही काचांकडं बघत, मधल्या काचेकडं बोट करून ते काहीतरी म्हणाले. माझं लक्ष दाराकडं होतं. शद्रकराव कुठल्याही क्षणी येतील या धास्तीनं मी मान हलवून मोकळी झाले.

आले ते पडदा टांगून झाल्यावर. पडद्याची कल्पना त्यांचीच. मांडववाल्याकडून केशरी कापड आणून तिन्ही खिडक्यांवर टांगायचं आणि उपासनेच्या सुरुवातीला त्यांनी दोरी ओढायची.

"सगळं सांगितल्याप्रमाणे?" त्यांनी चाचांना विचारलं.

"एकदम. मेंढरं पुरुषांच्या बाजूला."

त्यांनी बाहेरून एक चक्कर मारली. पण रंगीत काच बाहेरून बघितली तर नुसती काळी दिसते. समाधानानं परत आले आणि, मी चाचांना वेळेवर चहा दिला म्हणून, मला शाबासकी देऊन गेले.

रविवारी सकाळी माझ्या हातून दूध उतू गेलं, पोळी करपली आणि मी ओचा दोनदा सोडून दोनदा खोचला. आत्यानं विचारलं, काय गं, तुला बघायला येणार आहेत का कुणी? मी म्हटलं, चर्चला उशीर होतोय. तिनं जपून ठेवलेलं मोतिया रंगाचं लुगडं नेसलं होतं, भिंग मात्र घरीच ठेवलं. आज काय काम त्याचं, म्हणाली. ते ऐकून माझी उरलीसुरली भीती गेली.

चर्च गच्च भरलं होतं. बाकांवर पुरुष, इस्त्रीचे शर्ट, डोक्याला तेल. सतरंज्यांवर आम्ही बायका मुलांना मांडीवर घेऊन. पहिलं गीत झालं. शद्रकराव वेदीपाशी गेले, दोरी हातात घेतली आणि लोकांकडं तोंड करून गारपीट, नगरच्या खेपा आणि पंच्याहत्तर वर्षं यांवर बोलले. मग म्हणाले की आपल्या पूर्वजांनी प्रत्येकाची जागा या काचेत नेमून दिली आहे, ती आज आपण पुन्हा डोळ्यांनी पाहू. आणि दोरी ओढली.

कापड खाली आलं. सकाळचं ऊन थेट त्या काचांतून आत येत होतं. सगळ्या मंडळीनं वर बघितलं आणि कुणी श्वाससुद्धा घेतला नाही. शद्रकरावांची पाठ काचांकडं होती. लोक भारावून गेले असं समजून ते हात जोडून हसत उभे राहिले.

आमच्या पुढं बसलेल्या म्हाताऱ्या सगुणाबाई आधी सावरल्या. "आगं बया," त्या म्हणाल्या, "आपण मेंढरं झालो की."

त्यावर पहिलं हसू फुटलं ते मार्थाबाईंना. शद्रकरावांच्या सौभाग्यवती. त्यांनी पदर तोंडात कोंबला, पण खांदे हलायचे थांबेनात. मग सगळी सतरंजी हलायला लागली. बाकांवर मात्र कुणी वर बघत नव्हतं. पहिल्या बाकावरून शद्रकरावांच्या लहानग्या नातीनं, ती अजून आजोबांच्या बाजूलाच बसायची, मोठ्यानं विचारलं, "आजोबा, आपण शेरडं आहोत का?"

तेव्हा शद्रकराव मागं वळले.

त्यांनी बराच वेळ बघितलं. मग लतीफचाचांना पुढं बोलावलं. चाचा मागं दाराशी, टोपी घालून, आपल्या कामाचं कौतुक ऐकायला उभे होते. काळी ती मेंढरं, त्यांनी शांतपणे सांगितलं, पांढऱ्या त्या शेळ्या, हवं तर बाहेर चला, धनगरवाड्यावर दाखवतो. बाकांवरच्या निम्म्या लोकांनी नकळत माना डोलावल्या. त्यांच्याही घरी पांढऱ्या संगमनेरी शेळ्याच होत्या. पण पंच्याहत्तर वर्षं ज्यांना मेंढरं म्हटलं, ती आज शेरडं आहेत असं म्हणायला कुणी धजेना. माझ्याकडं चाचांनी बघितलंही नाही. मी त्यांचं नाव आजवर प्रार्थनेत घेते, त्याचं कारण हेच.

"बाजू बदलू," शद्रकराव म्हणाले. "बाया इकडं या, पुरुष तिकडं जातील. पाच मिनिटांचं काम आहे."

कुणी उठलं नाही. बायका उठल्या नाहीत कारण त्यांना वरची मेंढरं आवडायला लागली होती. पुरुष उठले नाहीत कारण आमच्या बाजूला सतरंज्या होत्या. मेंढरं व्हायचं तर खाली बसावं लागणार होतं, तेही बायकांनी उबदार केलेल्या जागेवर. शद्रकरावांनी बाकं हलवायचं काढलं, पण ती पंधरा-पंधरा माणसांची सागवानी धूडं. आणि आता तिकडं बसलो तर गाव म्हणेल बाप्ये बायकांच्या बाजूला जाऊन बसले, असं पाटोळ्यांच्या दावीदनं मागून सांगितलं. त्यावर बाकांवरचे सगळे अधिकच घट्ट बसले.

तेव्हा आत्या उभी राहिली. शाळेत हजेरी घ्यायची त्या आवाजात तिनं विचारलं, "शद्रक, पुस्तक कुठल्या बाजूला असतं म्हणाला होतास?"

शद्रकराव खाली पडलेलं केशरी कापड गोळा करायला वाकले.

"तू माझा विद्यार्थी. मी काही चुकीचं पाठ केलं असेल तर सांग. जिथं मेंढरं तिथं पुस्तक, असंच म्हणाला होतास ना?"

पाळक रणभिसे साहेब खाकरले. आता ते नेहमीसारखे गप्प बसतील असं वाटलं होतं, पण साहेब पुढं आले. पंचांचा नियम हा नियम आहे, म्हणाले, आणि आजच्या दिवशी तो मोडणं बरं दिसणार नाही. घार उचला. साहेबांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जो आनंद बघितला, तो पुढं त्यांची बदली झाली त्या दिवशीही दिसला नाही.

चौघांनी घार उचलली. मधल्या वाटेत तिचा पंख बाकाला अडकला, ती कलंडली आणि शास्त्र धप्पदिशी खाली पडलं. दावीदनं ते उचललं, कपाळाला लावलं आणि जिथं उघडलं तसंच पुन्हा घारीच्या पाठीवर ठेवलं. घार आमच्या बाजूला, पांढऱ्या मेंढरांच्या खाली उभी राहिली. मी आत्याचा हात धरून तिला तिथपर्यंत नेलं आणि शेजारी थांबले.

मी पुस्तकाकडं बघितलं. समोर गणनेचं पुस्तक उघडलेलं होतं. कुठल्या वंशात किती माणसं, त्याची यादी. पानं उलटायला मी हात पुढं केला, तर आत्यानं तो हलकेच बाजूला सारला. बोट त्या यादीवर ठेवलं आणि मत्तयाचा पंचविसावा अध्याय वाचायला सुरुवात केली.

एक शब्द अडखळला नाही. बोट ओळीवरून सरकत होतं, ओळीच्या शेवटी खाली येत होतं, आणि आवाज आमच्या लहानपणचा, स्वच्छ आणि ठाम. प्रभू येतो, सगळ्या राष्ट्रांना गोळा करतो, मेंढरं एका बाजूला, शेरडं दुसऱ्या बाजूला. मग मेंढरांना तो सांगतो की मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिलं, परका होतो तेव्हा घरात घेतलं. आमच्या बाजूला कुणी हसत नव्हतं आता. सगुणाबाई डोळे पुसत होत्या. मला वाटत होतं की छातीत मावणार नाही इतकं काहीतरी भरून आलंय, आणि त्यात मी केलेली लबाडीही होती, आणि मला तिची जराही लाज वाटत नव्हती.

आता शेरडांची पाळी. घालवून देण्याचे शब्द. मी शद्रकरावांकडं बघितलं. खरं सांगते, मला ते बघायचंच होतं. ते पहिल्या बाकावर मान खाली घालून बसले होते. नात त्यांचा कोट ओढत होती, पण ते तिच्याकडं बघत नव्हते. खणखणीत आवाजाचा तो माणूस इतका लहान दिसत होता की माझा राग कुठं ठेवावा हे मला कळेना.

आत्या थांबली होती. तिनं मान वर करून काचांकडं बघितलं. माझीही नजर तिकडं गेली आणि आदल्या दिवशी चाचा काय म्हणाले असतील ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मधल्या काचेतल्या प्रभूच्या एका हातात काठी होती. दुसरा हात त्यानं पुढं केला होता, तळवा उघडा, बोलावणारा. इतकी वर्षं तो मेंढरांकडं केलेला असायचा, म्हणून आम्ही कधी नीट बघितलाच नाही. मधली काच हलली नव्हती. तो हात आता शेरडांकडं गेलेला होता. आत्याला अक्षरं दिसत नव्हती, पण एवढी लांबलचक लाल बाही दिसत होती. ती कुणीकडं वळलीय तेही.

आत्यानं पुस्तक मिटलं.

"पुढची अक्षरं मला दिसत नाहीत," ती म्हणाली. "इथंच थांबते. आमेन."

आमेन सगळ्यात मोठ्यानं बाकांवरून आलं.

नंतर काचा पुन्हा बदलायच्या गोष्टी झाल्या. पंचांच्या बैठकीत विषय तीनदा निघाला. तिन्ही वेळा शद्रकराव म्हणाले, बघू. घार मात्र परत नेली नाही. दोन वर्षांनी एका रविवारी ते उपासना सुरू व्हायच्या आत आले, बूट काढले आणि दुखऱ्या गुडघ्यांवर हात ठेवत मार्थाबाईंच्या शेजारी सतरंजीवर बसले. त्यानंतर हळूहळू बाजू मोडल्या. आता सगळे मिसळून बसतात. बाकं दोन्हीकडं आहेत. मी स्वतः त्या मंडळीची पंच आहे, यावर आज कुणाला हसू येत नाही.

गेल्या वर्षी पुण्याहून एक प्राध्यापिका चर्चच्या काचा बघायला आल्या. त्यांनी पुष्कळ फोटो काढले. बगळी आणि नांगर बघून मान डोलावली, आणि मधल्या काचेपाशी येऊन चक्क खाली बसल्या. सगळीकडं प्रभूचा हात मेंढरांकडं असतो, त्या म्हणाल्या, इथं तो शेरडांकडं आहे, या अनामिक कलावंतानं केवढा धीट विचार केला असेल. तुमच्याकडं त्याची काही नोंद आहे का, असं त्यांनी मला विचारलं. नोंद नाही म्हटलं, पण विचार करूनच केलं असणार. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

त्यांना जे सांगितलं नाही ते इथं सांगते. त्या रविवारी दुपारी मी आणि आत्या पायवाटेनं घरी चाललो होतो.  शेवटी मला राहवलं नाही.

"आत्या, पुढची अक्षरं दिसत नाहीत म्हणालीस. आधीची तरी कुठं दिसत होती? पुस्तक गणनेवर उघडं होतं."

"असेल. मोतीबिंदू आहे मला."

"पुढचं तुला पाठ आहे."

"आहे ना," आत्या म्हणाली. "पांढरी ती मेंढरं आणि काळी ती शेरडं, हे तुलाही पाठ आहे. तू चार वर्षांची होतीस, तेव्हा मीच शिकवलंय."

माझे पाय जागीच थांबले. ती दोन पावलं पुढं गेली आणि मागं न बघता उभी राहिली.

"मी खोटं बोलले नाही, आत्या," मी म्हटलं. "काळीच असतात आपल्याकडं, एवढंच म्हणाले."

"ते माहीत आहे मला. तू खोटं बोलली नाहीस. मी बोलले, चर्चमध्ये, पुस्तकावर हात ठेवून." तिनं हात मागं केला, तळवा उघडा. "आता धर लवकर. पुढं दगड आहेत आणि ते मला खरोखर दिसत नाहीत."